मकावच्या चौकात जेवायचं कुठे?

मे महिन्यात मी आठ दिवस मकावला राहून आले. आल्यापासून कॉलेजात जो भेटतो तो कसिनोबद्दल विचारतो. तिथे कसिनोत शिरायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि ती माझी आत्ताच झालीत, हे खरं. पण मी गेले नाही. मी आठ दिवस फक्त खाल्लं. माझा मावसभाऊ तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये सहा वर्षं काम करतो. त्याने पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं, "हे बघ, चौकात चव घे, पण पोट भरू नकोस. पोट भरायला चालत जायचं." मी ऐकलं नाही. म्हणून हा लेख.

चौक म्हणजे लार्गो दो सेनादो, सेनादो चौक. मकाव शहर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. सगळं मिळून तेहतीसेक चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान, आणि त्यात सात लाखांच्या आसपास माणसं. 20 डिसेंबर 1999 पर्यंत कारभार पोर्तुगिजांचा होता, आता ते चीनचं विशेष प्रशासकीय क्षेत्र आहे. जुन्या शहराचा गाभा या चौकाभोवती आहे आणि 2005 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा, एका टोकाला सांत दोमिंगोचं पिवळं चर्च, वर चढत गेलं की साव पावलो चर्चची उरलेली एकटी दर्शनी भिंत. बाकीचं चर्च 1835 च्या आगीत गेलं. 2018 साली हाँगकाँगहून समुद्रावरचा पूल सुरू झाला, त्यामुळे शनिवार-रविवारी चौक ते ती भिंत हा रस्ता म्हणजे आपल्याकडचा फेस्ताचा दिवस. चालावं लागतच नाही, गर्दीच पुढे नेते.

अशा गर्दीत भूक लागली की माणूस पहिलं दिसेल त्या दारात शिरतो. मीही शिरले. दारात मोठमोठे फोटो, इंग्रजी मेन्यू, "अस्सल पोर्तुगीज थाळी". गार सार्डिन, चिकट भात, आणि बिल असं की मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करून मी पाण्याचा ग्लासही पूर्ण संपवला. (पाटाकाला दहा-अकराने गुणायचं. न गुणलेलं बरं.) भाऊ संध्याकाळी हसला आणि म्हणाला, "तू पोर्तुगीज शोधत होतीस. इथे तीन स्वयंपाकघरं आहेत, आधी ती वेगळी ओळख."

त्या तीन स्वयंपाकघरांचा हिशेब कळला की जेवायचं कुठे हा प्रश्न अर्धा सुटतो. पहिलं कँटोनीज, म्हणजे या भागातल्या चिनी लोकांचं रोजचं. दुसरं पोर्तुगीज: बाकल्याव म्हणजे खारवलेला कॉड, ऑलिव्ह तेल, वाइन. तिसरं मकाएन्स. हे ना पोर्तुगीज, ना चिनी. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी या जहाजांच्या वाटेवर पोर्तुगीज पुरुषांनी लग्नं केली. बायका गोव्याच्या, मलाक्काच्या, जपानच्या, पुढे चिनी. या घरांतल्या चुलींवर जे शिजलं ते मकाएन्स. बाहेरून आलेले लोक दुसऱ्यात आणि तिसऱ्यात गल्लत करतात, आणि चौकातली फोटोवाली दुकानं ती गल्लत मुद्दाम दूर करत नाहीत.

कँटोनीज जेवण चौकातच चांगलं मिळतं, हा एक अपवाद. चौकाच्या काठावरच वाँग ची केई नावाचं नूडल्सचं दुकान आहे, 1946 पासूनचं. त्यांच्या नूडल्सचं पीठ बांबूने मळायची पद्धत आहे: बांबूच्या एका टोकाला माणूस बसतो आणि उड्या मारत पीठ दाबतो. त्यामुळे नूडल्स बारीक असूनही दाताखाली तुटताना जाणवतात. वर कोळंबीची सुकवलेली अंडी भुरभुरलेली असतात. दिसायला लाल माती, चवीला अख्खा समुद्र. रांग असते, पण ती पटपट सरकते. टेबल मात्र अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. त्यात कुणाला काही वाटत नाही, आणि कुणी तुमच्याशी बोलायलाही येत नाही. मला तर ते आवडलं.

त्याच चौकात यी शुन नावाचं दुधाचं दुकान आहे, बाहेर गाईचं चित्र. तिथे दोन गोष्टी मागायच्या. एक, दुहेरी सायीचं दूध: दूध वाफवून थिजवलेलं, वर सायीचा पापुद्रा. दुसरी, आल्याचं दूध. वाटीत आल्याचा ताजा रस असतो, त्यावर गरम दूध ओततात आणि ते ढवळायचं नसतं. थोड्या वेळात दूध आपोआप थिजतं. विरजण नाही, अंडं नाही. आल्याच्या रसातलं एक एन्झाइम दुधातली प्रथिनं गोठवतं, मात्र दूध फार उकळतं असलं तर ते एन्झाइमच मरतं आणि सगळं पातळच राहतं. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "माहितीय. खरवस." खरवसाला चीक लागतो, याला काहीच लागत नाही, एवढाच फरक. घरी आल्यावर मी तीनदा करून पाहिलं. एकदा जमलं.

सकाळी लवकर उठणाऱ्यांनी चौक सोडून उत्तरेकडे वीस-पंचवीस मिनिटं चालावं. तिथे लाल विटांचा बाजार आहे, 1936 सालचा, मासळी, भाजी आणि मटणाचा. बाजाराजवळ लाँग वा चहाघर आहे, 1962 साली सुरू झालेलं. जिना चढून वर गेलं की खिडक्यांशी जुनी लाकडी टेबलं. चहा निवडायचा आणि बांबूच्या करंड्यांतले वाफवलेले पदार्थ आपणच उठून आणायचे. इथे "यम चा" म्हणजे नुसतं चहा पिणं नसतं, आपल्याकडे "चहाला या" म्हटलं की फराळही असतो तसंच आहे. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपर वाचत दोन तास बसले होते आणि त्यांना कुणी उठवलं नाही. कुणी कपात चहा ओतला की बोलायचं नाही, दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं. तोच तिथला "देव बरें करूं". ही जागा दुपारनंतर बंद होते, संध्याकाळसाठी ठेवू नका.

आता गल्ल्या. चौकातून वरच्या भिंतीकडे जाताना दोन्ही बाजूंना बिस्किटांची आणि सुकवलेल्या गोड मांसाची दुकानं लागतात. मुली कात्रीने मांसाचे तुकडे कापून हातावर ठेवतात, फुकट. भावाचं म्हणणं असं की गरीब विद्यार्थ्याचं जेवण यातच होतं, आणि त्याने ते सुरुवातीच्या महिन्यात करून बघितलं होतं. या दुकानांतली बदामाची बिस्किटं मात्र नक्की घ्या. नाव बदामाचं, पण ती मुळात मुगाच्या पिठाची. लाकडी साच्यात कोरडं पीठ दाबून भाजतात आणि तोंडात ती मुगाच्या लाडवासारखी विरघळतात. आमच्या मराठी मंडळात निम्मे शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी सूचना: काहींत डुकराची चरबी असते. विचारूनच घ्या.

कॅथेड्रलच्या मागे त्रावेसा दा से नावाची चिंचोळी गल्ली आहे, तिथे करीतले माशांचे गोळे मिळतात. काड्यांना लावलेले गोळे, भाज्या, मशरूम आपण निवडायचं, ते उकळत्या रश्शात बुडवून वाटीत येतं आणि वर करी ओततात. ती करी आपल्याला करी वाटणार नाही. गोडसर, पिवळी, हळदीची. पण उभ्याने, भिंतीला टेकून, हाताला चटके बसत खाल्ली की छान लागते. एगटार्टबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात: मकावचा प्रसिद्ध टार्ट पोर्तुगालहून थेट आलेला नाही. अँड्र्यू स्टो या इंग्रजाने 1989 साली कोलोआन गावात बेकरी काढली आणि पोर्तुगीज टार्टच्या पोटात थोडं इंग्रजी कस्टर्ड भरलं. कोलोआन लांब आहे. शहरात मार्गारेट्स कॅफेत तसाच मिळतो. गरम असताना खायचा, डबा भरून हॉटेलवर न्यायचा नाही. ताइपा बेटावरचा पोर्क चॉपचा पावही असाच. कुरकुरीत पाव, आत तळलेला तुकडा, ना सॉस ना पानं. चोरिस-पाव खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात अडवण्यासारखं काही नाही, पण चौक सोडून बेट ओलांडण्याइतकंही नाही. हे माझं मत. भावाशी यावरून वाद झाला.

चौकाच्या पश्चिमेला रुआ दा फेलिसिदाद आहे, लाल दारं-खिडक्यांचा "सुखाचा रस्ता". एके काळी इथे वेश्यावस्ती होती. तिथलं फात सिउ लाउ 1903 पासून भाजलेल्या कबुतरासाठी ओळखलं जातं. मी कबुतर खाल्लं नाही. हिंमत झाली नाही.

तिसरं स्वयंपाकघर चौकात जवळजवळ नाहीच. त्यासाठी चालावं लागतं, आणि ही वाट मला सगळ्यात आवडली. चौकातून नैर्ऋत्येला सांत आगोस्तिन्योच्या चढावर जायचं. वाटेत साव जुझे सेमिनरीचं चर्च लागतं. आपले गोंयचो सायब फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. शरीर जुन्या गोव्यात आणलं गेलं, पण त्यांच्या हाताचं एक हाड या चर्चमध्ये आहे. मग सांत लोरेन्सो, लिलावचा छोटा चौक, आणि उतारावर एक पिवळी-पांढरी, कमानींची लांब इमारत. तिचं नाव मूरांची बराक. 1874 साली ती बांधली गोव्याहून आलेल्या पलटणीसाठी. हे शिपाई मकावच्या पोलिसात होते. ते आपल्याकडचेच, पण तिथल्या लोकांच्या लेखी सगळे "मूर". आता तिथे बंदरखात्याचं ऑफिस आहे. 1844 पर्यंत तर मकावचा कारभारच गोव्याच्या हाताखाली होता, हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं.

उतार संपला की बारा, माझू देवीचं जुनं देऊळ, आणि जवळच रुआ दो आल्मिरांत सेर्जियो. या रस्त्यावर लितोराल नावाचं रेस्टॉरंट आहे. इथे मकाएन्स जेवण मिळतं. भावाने मला मेन्यू वाचायला दिला आणि म्हणाला, "तू साहित्याची ना? वाच." मी वाचत गेले. पोर्क बाफासा: हळदीत मुरवून शिजवलेलं डुकराचं मांस. पोर्को बालिशाव तामारिंदो: बालिशाव आणि चिंचेतलं डुकराचं मांस. बेबिंका दे लेइत. मला मेन्यूऐवजी पपांच्या आईची वही वाचतेय असं वाटलं.

बालिशाव आणि आपलं बालचांव यांचं नातं समजून घेण्यासारखं आहे. शब्द मुळात मलय भाषेतल्या ब्लाचान या कोळंबीच्या पेस्टवरून आला असावा, असं मानतात. पोर्तुगीज जहाजांनी तो दोन्हीकडे नेला. मकावात बालिशाव म्हणजे ती पेस्टच: बारीक जवळा, मीठ, मिरची, मिरी, तमालपत्र, थोडी दारू, आणि महिनोन्‌महिने मुरवणं. ते स्वयंपाकात चमचाभर घालायचं. गोव्यात तेच नाव व्हिनेगर आणि लाल मिरचीच्या अख्ख्या पदार्थाला मिळालं, आणि सुका गालमो त्यातला एक घटक झाला. बेबिंकचंही तसंच. आपलं थरांचं, बेबिंका दे लेइत मात्र एकाच थराचं, नारळाच्या दुधाचं, वरून भाजलेलं. आणि नाताळात मकाएन्स घरांत अलुआ नावाचा गोड पदार्थ करतात. तो शब्द दोनदा मोठ्याने म्हणून बघा, हलवा ऐकू येईल.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काय मागवावं? मिंची. खिमा, सोया सॉस, बटाट्याचे तळलेले छोटे चौकोन, वर तळलेलं अंडं, बाजूला भात. नाव इंग्रजी "मिन्स"वरून आलेलं. प्रत्येक घराची मिंची वेगळी आणि प्रत्येकाच्या मते आपल्याच आईची खरी. सणाला ताशो नावाचं मोठं पातेलं असतं, त्यात चिनी सॉसेज, कोंबडी, डुकराचं मांस आणि कोबी एकत्र शिजतात. नाताळच्या मेजवानीतून उरलेल्या मांसाचं तिखट-आंबट कालवण करतात, त्याला दियाबो, म्हणजे सैतान म्हणतात. आफ्रिकन चिकन मात्र घरचं नसून हॉटेलातून पसरलेलं आहे: मिरची, नारळ, शेंगदाणे आणि भाजलेली कोंबडी. चविष्ट आहे, पण मेन्यूत तेवढं एकच नाव मकाएन्स असेल तर जागा पर्यटकांची समजावी.

आणखी साधी जागा हवी तर चौकाच्या ईशान्येला आवेनिदा सिदोनियो पाइसवर रिकशो आहे. कँटीनसारखी, ताटात वाढून देणारी. ती आयदा दे जेझुस या बाईंनी चालवली. त्या 2021 साली, वयाच्या 105 व्या वर्षी गेल्या. मकाएन्स घरांत पाककृती सहसा बाहेर देत नसत, अगदी जवळच्या मैत्रिणीलाही एखादा जिन्नस गाळून सांगत. आयदाबाई विचारणाऱ्याला शिकवत. ती गोष्ट तिथे फार मोठी मानतात.

कारण शिकवलं नाही तर काय होतं, हे त्यांच्याच भाषेचं झालंय. मकाएन्स लोकांची पातुआ ही बोली पोर्तुगीज, मलय आणि कँटोनीज यांची, आणि तिच्यात कोंकणी-मराठीचाही अंश आहे. युनेस्कोने 2009 मध्ये तिची नोंद अत्यंत धोक्यातली म्हणून केली. बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. 2021 साली चीनने मकाएन्स पाककला आणि पातुआ नाटक दोन्ही आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातली. यादीत घालावी लागली, यातच सगळं आलं. वसईला माझी आईची आई कादोडी बोलते. मला ती सगळी समजते, पण मी उत्तर मराठीत देते. मग तीही मराठीवर येते. रिकशोत ताट घेऊन बसले तेव्हा मला पातुआचा एकही शब्द ऐकू आला नाही, पण ताटातल्या निम्म्या गोष्टींची नावं मला येत होती.

जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. लहान दुकानांत रोख पैसे लागतात, हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतो. मकाएन्स जागा लहान असतात आणि दुपारी-संध्याकाळी मध्ये बंद असतात, हॉटेलवरून फोन करायला सांगा. शाकाहाऱ्यांना कठीण आहे, "फक्त भाजी" म्हटलं तरी कोळंबीची पेस्ट येऊ शकते. बौद्ध शाकाहारी भोजनगृहं शोधा. चौक सकाळी नऊच्या आधी बघा, तेव्हा दगडांच्या लाटा दिसतात.

निघताना भावाच्या किचनमधल्या एका वयस्कर बाईंनी घरच्या बालिशावची छोटी बाटली दिली. चार पिशव्यांत गुंडाळून ती मडगावला आणली. पपांच्या आईने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "हें आमचें न्हय." पुन्हा एकदा वास घेतला. "पूण कोणाचें तरी आसा." रविवारी मी डुकराचं मांस, चिंच, गूळ आणि दोन चमचे ते, असं करून बघितलं. वास बरोबर आला, रंगही आला, पण कुणाला खाववेना. मी सवयीने मीठ घातलं होतं. बालिशाव घातलं की मीठ घालायचं नसतं.